इरिनीचा देव आणि बाबांची ती दहा मिनिटं

दोन हजार अकरा सालच्या नोव्हेंबरात आम्ही चिंचवडहून निघालो. गाडी दुपारी बाराला सोसायटीच्या गेटाशी येऊन थांबली होती आणि बाबा अजून बॅगांचं वजनच करत होते. आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे, मग बॅग उचलून पुन्हा उभे राहायचे आणि वजाबाकी कागदावर लिहायचे. चार बॅगांसाठी हे चार वेळा झालं. आई म्हणाली, अहो, कंबर धरेल. त्यावर ते म्हणाले, काउंटरवर बॅग उघडायला लावली तर चारचौघांत पोरीची शोभा व्हायची.

आईने हातावर दही घातलं. माझी मुलगी सई तेव्हा तीन वर्षांची होती, माझ्या नवऱ्याच्या, अतुलच्या खांद्यावर झोपून गेली होती. माझा मोठा भाऊ प्रसाद, म्हणजे दादा, विमानतळापर्यंत येणार होता. बाबा आले नाहीत. आत सोडत नाहीत, काचेतून बघत उभं राहायचं, त्यापेक्षा इथेच बरं, असं त्यांचं म्हणणं. गाडीच्या टपावर हात ठेवून ते वाकले आणि एवढंच म्हणाले, "पोचलीस की कळव."

बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करायचे. एकतीस वर्षं रस्त्यातल्या खड्ड्यात बसून त्यांनी लोकांच्या तारा जोडल्या. कुणी नुसतं चिंचवडहून शिवाजीनगरला गेलं तरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय त्यांच्या लेखी तो प्रवास संपायचा नाही.

हे सगळं मी दादासाठी लिहितेय, आणि आमच्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही. दादाला बरंचसं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून एकसलग त्याने कधी ऐकलेलं नाही. फोनवर अशा गोष्टी बोलता येत नाहीत. बोलायला लागलं की कुणाचा तरी कुकर होतो, नाहीतर कुणाची तरी मीटिंग असते.

सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. खिडकीखालून दर चार मिनिटांनी एलआरटी रेल्वेचा छोटा डबा जायचा. पहिलं वर्ष सई त्याला टाटा करायची. पुढे तिने ते सोडून दिलं आणि मराठीही हळूहळू सोडून दिलं. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आईशी फोनवर बोल म्हटलं की म्हणायची, "आजी टॉक्स सो लाँग, कॅनॉट ला." मी रागवायचे आणि मग तिच्या वतीने आईला काहीतरी गोड सांगायचे. चिंचवडला असताना मी संध्याकाळी सहाला घरी असायचे. इथे सहाला तर ऑफिसात दुसरा डाव सुरू होतो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, मी नवी आहे म्हणून दमते. मग कळलं की हे दमणं आता राहायलाच आलंय.

मला जहाजांच्या विम्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. शेजारच्या टेबलावर इरिनी बसायची. वय पन्नाशीच्या पुढे, ग्रीसमधल्या एका बेटावरची, नवऱ्याबरोबर वीस वर्षांपूर्वी सिंगापूरला आलेली. नवरा जहाज दुरुस्तीच्या कामात होता. पुढे दोघं वेगळे झाले, तो परत गेला आणि ती राहिली. बेडोकला एकटी राहायची. पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी होती. कामात कडक आणि बोलण्यात थोडी.

आम्ही दुपारी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात जेवायला जायचो. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आधी ती कपातले दोन थेंब बाजूच्या कुंडीत सांडते आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणते. महिनाभर मी बघितलं आणि मग विचारलं. देवांचा वाटा, असं ती म्हणाली. कुठल्या देवांचा, तर तिच्या देशातल्या जुन्या देवांचा. येशूच्या आधीच्या.

मला वाटलं ती गंमत करतेय. ते देव तर आम्ही शाळेत गोष्टींच्या पुस्तकात वाचले होते. ते मेलेले देव, त्यांची देवळं म्हणजे तिकीट काढून बघायची जागा. इरिनीने शांतपणे सांगितलं की त्यांना मानणारे लोक आजही आहेत, थोडे आहेत, जगभर विखुरलेले आहेत. ती अथेन्सला शिकायला गेली तेव्हा तिला अशी माणसं भेटली. डोंगराच्या पायथ्याशी जमायचे, मध-दूध ओतायचे, जुनी स्तोत्रं म्हणायचे. येणारेजाणारे हसायचे. तिने त्यांच्यात जायला सुरुवात केली आणि घरी कळलं तेव्हा तिच्या आईने तीन दिवस अन्न घेतलं नाही.

मी तिला सांगितलं की माझे वडील जेवायला बसताना चित्राहुती घालतात. ताटाभोवती पाणी फिरवतात, भाताची चार शितं बाजूला ठेवतात आणि मग घास घेतात. ती खाणं थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, तुझ्या वडिलांना कुणी हसत नाही ना? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, नशीबवान आहेत.

पुढे तिच्या घरी जाणं-येणं झालं. बेडोकच्या त्या दोन खोल्यांत चुलीच्या देवीचा एक दिवा असायचा. घरात पहिला आणि शेवटचा मान तिचा. फळीवर एक छोटी मूर्ती होती, पायांना पंख असलेल्या तरुण देवाची. महिना चंद्राचा. अमावास्येला घर झाडून पुसून चौकात थोडं अन्न ठेवायचं, दुसऱ्या दिवशी नवा महिना धरायचा. मला नवीन असं काहीच वाटलं नाही. आमच्या मराठी मंडळींत कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून मी सांगितलं नाही.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत बाबांचं हृदय थकल्याचं निदान झालं. मी धावत गेले, तीन आठवडे राहिले. त्यांना जरा बरं वाटलं तसं त्यांनीच मला परत पाठवलं. सईची शाळा बुडतेय, तू जा, इथे प्रसाद आहे. मी आले. मार्चमध्ये ते पुन्हा हॉस्पिटलात गेले. दादा रोज सकाळी फोन करायचा, ठीक आहेत म्हणायचा.

मंगळवारी साडेअकराला मी ऑफिसच्या पँट्रीत चहा करत होते तेव्हा त्याचा फोन आला. बाबा गेले. मी विचारलं, तू होतास ना जवळ? तो म्हणाला, मी औषध आणायला खाली गेलो होतो. दहा मिनिटं. परत आलो तर पडदा ओढलेला होता.

आणि मी म्हणाले, "तू का गेलास खाली?"

हे मी बोलले. दीड महिना रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसलेल्या माणसाला, अडीच हजार मैलांवरून, चहाचा कप हातात धरून. दादा म्हणाला, "तिकीट बघ," आणि फोन ठेवला.

मी पोचले तोवर सगळं झालं होतं. एक दिवस थांबले असते ते लोक, पण बाबांनीच कधीतरी सांगून ठेवलं होतं म्हणे की माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका. दहाव्याला मी दादाच्या शेजारी उभी होते. त्याचे डोळे सुजलेले होते. त्या तेरा दिवसांत आम्ही दोघांनी कामापुरतंच बोलणं केलं. निघताना त्याने माझ्या बॅगा उचलून गाडीत ठेवल्या. त्यांचं वजन कुणी केलं नव्हतं.

परत आल्यावर मी कामाला लागले. इथे घरचं माणूस गेल्याची कंपॅशनेट लीव्ह मोजून मिळते आणि संपली की संपते. पण एक गोष्ट मला सोडत नव्हती. त्या दहा मिनिटांत बाबांना काय वाटलं असेल? त्यांनी डोळे उघडून बघितलं असेल का, की खोलीत कुणी नाही? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोचण्याची वाट बघणारा माणूस एकटाच निघाला आणि तो पोचला की नाही हे आम्हाला कोण कळवणार? एमआरटीत उभी असताना मला हे आठवायचं आणि माझं स्टेशन मागे जायचं. मी घरी अतुलला म्हटलं तर तो म्हणाला, आत्म्याला असं काही नसतं, तू गीता वाच. तो चुकीचं बोलला असं नाही. मी वाचलीही. पण मला आत्म्याची काळजी नव्हती. मला बाबांची काळजी होती, तो चष्मा लावणारा, पायरी उतरताना कठडा धरणारा माणूस.

एका शनिवारी सकाळी इरिनीने मला बेडोकला बोलावलं. कॉफी दिली आणि म्हणाली, तू महिनाभर जेवत नाहीयेस, काय झालंय ते सांग. मी सांगितलं. दादाला बोललेलंही सांगितलं.

तिने फळीवरची ती पंखवाल्या पायांची मूर्ती उचलून टेबलावर ठेवली. हा हर्मिस, म्हणाली. प्रवाशांचा देव, रस्त्यांचा, वेशींचा. सगळ्या देवांत सीमा ओलांडायची मुभा यालाच. आणि माणूस मेला की त्याला न्यायला हाच येतो. बाकीचे देव मोठे असतील, पण मरणाऱ्याला हात देणारा हा एकटा. कुणी राजा असो की भिकारी, घरात मरो की रस्त्यात, त्याच्याशिवाय कुणीही निघत नाही.

"तुझे वडील ज्या क्षणी एकटे झाले," ती म्हणाली, "त्याच क्षणी ते एकटे राहिले नाहीत."

मी रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा अशी रडले. ती उठून जवळ आली नाही, नुसती समोर बसून राहिली.

मग मी विचारलं, तिकडे नेल्यावर काय? तिने सांगितलं की सगळ्यांचं यावर एकमत नाही. कुणी पुनर्जन्म मानतात, कुणी फक्त विसावा मानतात. पण तिला जे वाटतं ते असं की मेलेल्यांचा देश ही शिक्षेची जागा नाही. तिथली राणी पर्सेफोनी. ती धान्याच्या देवीची मुलगी, रानात फुलं वेचत असताना पाताळाच्या राजाने तिला नेली. आईने रडून सगळी पृथ्वी उजाड केली, तेव्हा कुठे ठरलं की वर्षाचे काही महिने मुलगी आईकडे आणि उरलेले तिकडे. म्हणून नव्याने येणाऱ्याशी ती नीट वागते. घर सुटणं म्हणजे काय हे तिथे तिच्याइतकं कुणाला कळणार?

मी म्हटलं, आमच्याकडे अशा मुलीला एक शब्द आहे, माहेरवाशीण. इरिनीने तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि तिला जमेल तसा म्हटला. म्हणाली, मेलेल्यांची राणी माहेरवाशीण आहे, हे आमच्या लोकांना सांगायला हवं.

शेवटी ती म्हणाली, यातलं काही मी तुला सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी म्हटलं, नको दाखवूस. मी तिचा धर्म घेतला नाही, तिने तसं कधी सुचवलंही नाही. घरी गणपती बसत राहिला, पितृपंधरवड्यात मी खीर करत राहिले. पण त्यानंतर बाबांचा विचार आला की त्या रिकाम्या खोलीत मला कुणीतरी दिसायचं. दारात उभं असलेलं, घाई न करणारं. मला झोप लागायला लागली.

दादाला मात्र मी काही बोलले नाही. दर रविवारी फोन व्हायचा. आईची तब्येत, पाणी आलं की नाही, सईचे मार्क. आम्ही दोघंही त्या दहा मिनिटांना वळसा घालून जायचो. अशी दोन वर्षं गेली आणि तिसरंही लागलं.

दोन हजार सतराच्या सुरुवातीला इरिनीला कॅन्सर निघाला, पोटातला, उशिरा कळलेला. तिने ते मला जेवताना सांगितलं, कॉफीचे दोन थेंब कुंडीत घातल्यावर. ती घाबरली नव्हती असं मी लिहिणार नाही. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर एकदा ती म्हणाली की मरणाची भीती नाही, पण मरेपर्यंतच्या दिवसांची आहे. आणि तिला आईचीही काळजी होती. तिची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, बेटावर धाकट्या मुलीकडे, कतेरिनाकडे राहायची. आई रोज दुपारी फोन करायची आणि रोज एकच म्हणायची की बाई, परत ये चर्चमध्ये, निदान शेवटी तरी ये. नाहीतर मी स्वर्गात तुला शोधत फिरेन आणि तू सापडणार नाहीस.

इरिनी हे मला इंग्रजीत सांगायची आणि तिचा आवाज फक्त इथेच फुटायचा. तिच्या देवांनी माझं दुःख हलकं केलं होतं, पण तिच्या आईला ते काहीच देऊ शकत नव्हते. तिने आईला कधी खोटं सांगितलं नाही. फक्त म्हणायची, आई, तू शोधू नकोस, मीच येईन तुला भेटायला. म्हातारी तिकडे रडायची.

जून महिन्यात तिला हॉस्पिटलात ठेवलं ते शेवटचंच. तिचं इथे कुणी नव्हतं. फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तिने माझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू असं नर्सने विचारलं तेव्हा ती म्हणाली, बहीण लिहा. नर्स माझ्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिली आणि तिने तसं लिहिलं. कतेरिनाने आईला शेजाऱ्यांवर सोपवून तिकीट काढलं होतं, ती शुक्रवारी पोचणार होती. मी ऑफिसातून रजा घेऊन बसले. इरिनीने मला एकदाच विचारलं, तू असशील ना? मी म्हटलं, असेन. कुठेही जाणार नाही.

गुरुवारी दुपारी तिला बरीच जाग होती. तिने खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाली, कॉफी आण. तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. म्हणाली, प्यायला नको, वास घ्यायला हवी, काळी, साखर घातलेली. मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, आणा. मी लिफ्टने खाली गेले. माझ्यापुढे चार माणसं होती. कप घेऊन परत आले तर नर्स पलंगाशी उभी होती आणि तिने पडदा ओढायला घेतला होता.

दहा मिनिटंही झाली नसतील.

मी तिथेच कप धरून उभी राहिले. नर्स फिलिपिन्सची होती, वयाने लहान. ती म्हणाली, काही माणसं असंच करतात मॅडम, जवळचं माणूस बाहेर गेलं की जातात. त्यांना तुमच्यासमोर जाता येत नाही. मी तिचं ऐकत होते आणि माझ्या कानात माझाच आवाज घुमत होता. तू का गेलास खाली?

मी इरिनीच्या कपाळावर हात ठेवला. ते अजून गरम होतं. मग काय करावं ते सुचेना म्हणून खाली आले. हॉस्पिटलच्या आवारात झाडं होती, त्यातल्या एकाच्या बुंध्याशी ती कॉफी सगळी ओतली. एक थेंबही ठेवला नाही. काही म्हणता आलं नाही, तिच्या भाषेतलं मला काही येत नव्हतं. मराठीत म्हटलं, नीट जा ग.

दुसऱ्या दिवशी मी कतेरिनाला आणायला चांगी विमानतळावर गेले. इरिनीसारखंच नाक, पण गळ्यात क्रूस आणि अंगावर काळे कपडे. बातमी तिला वाटेतच कळली होती. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. बेडोकच्या घरी आल्यावर तिने तो विझलेला दिवा बघितला, मूर्ती बघितली आणि खुर्चीत बसली. मग तिने विचारलं, एकटी होती का?

तीन वर्षांपूर्वी मी विचारलेला प्रश्न कुणीतरी मला विचारत होतं. मी खोटं बोलू शकले असते. हात धरून बसले होते म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं. पण माझ्याच्याने ते होईना. मी सांगितलं, तिला कॉफीचा वास हवा होता, मी आणायला खाली गेले होते.

कतेरिनाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मला ते पाठ होतं.

ती उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "तू खाली होतीस," ती एकेक शब्द शोधत म्हणाली, "तेव्हा तो तिच्यापाशी होता. तिचा तो. पायांना पंखवाला. मी लहान असल्यापासून तिने मला किती वेळा सांगितलंय." आणि मग तिने स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली.

जी बाई त्या देवाला मानत नव्हती, जिच्या आईने त्या देवापायी अन्न सोडलं होतं, तिने बहिणीसाठी आणि माझ्यासाठी तो देव त्या खोलीत उभा केला. मला तिची आणि माझी तुलना करायचं धाडस अजूनही होत नाही.

इथलं दहनगृह ज्या भागात आहे त्याचं नाव मंडाई. सही करताना मी ते वाचलं आणि मला पुण्याची मंडई आठवली, भाजीच्या पाट्या, लिंबाचे ढीग. कतेरिनाला हसत-रडत ते सांगितलं. इरिनीला दहन हवं होतं, आईला दफन. कतेरिना रात्रभर विचार करत होती आणि सकाळी म्हणाली, तिचं आयुष्य तिचं होतं. राख ती बेटावर घेऊन गेली. जाण्याआधी तिने आईला फोन लावला, बराच वेळ बोलली. मी विचारलं, आई काय म्हणाली? ती म्हणाली, आई म्हणतेय, ठीक आहे, मीच तिच्या देवाला विचारेन कुठे ठेवलंय माझ्या मुलीला.

त्याच दिवशी दुपारी मी दादाला फोन केला. रविवार नव्हता म्हणून तो घाबरला. मी म्हटलं, काही झालं नाहीये, तू फक्त ऐक. आणि सगळं सांगितलं, कॉफीपर्यंत, पडद्यापर्यंत. मग म्हटलं, दादा, त्या दिवशी मी तुला जे बोलले ते मी बोलायला नको होतं. तू दीड महिना होतास. त्यातला मी एकही दिवस नव्हते.

दादा म्हणाला, "वैशू, मी रोज जातो त्या औषधाच्या दुकानावरून. रस्ता बदलता येत नाही, ऑफिस त्याच बाजूला आहे."

मी त्याला दारात उभ्या असलेल्या त्या देवाबद्दल सांगितलं. त्याला पटलं की नाही मला माहीत नाही. त्याने इतकंच विचारलं, बाबांना चष्म्याशिवाय तो दिसला असेल का? चष्मा माझ्या खिशात राहिला होता. मी म्हटलं, त्याने हात धरला होता, चष्मा लागला नसेल. त्यावर दादा रडला. चौतीस वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दादा आईला घेऊन सिंगापूरला आला. आई पहिल्यांदाच विमानात बसली होती. तिला इथलं सगळं फार स्वच्छ वाटलं आणि फार गप्प. सई तिला लिफ्टची बटणं शिकवायची. ते आले तेव्हा इथे भुतांचा महिना चालू होता. ब्लॉकच्या खाली चिनी शेजारी आपल्या मेलेल्या माणसांसाठी कागद जाळत होते, संत्री मांडत होते. आईने ते बघितलं आणि म्हणाली, यांचाही पितृपंधरवडा दिसतोय.

त्या आठवड्यात अमावास्या आली. इरिनी गेल्यापासून मी अमावास्येला संध्याकाळी एका वाटीत दूध, मध आणि पाणी घेते आणि दाराबाहेरच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतते. पूजा म्हणून नाही. तिच्या आठवणीला एवढं तरी. आईने विचारलं, हे काय? मी ओट्याशी उभी राहून तिला सगळं सांगितलं. दादा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "त्याला मराठी कळतं का?"

मी म्हटलं, कळत असणार, सगळ्या वेशींवरून त्याचं येणंजाणं असतं.

"नाही कळलं तरी हे काही गप्प बसायचे नाहीत," आई म्हणाली. "शेजारच्या नायरांशी तीस वर्षं मराठीतच बोलले." मग वाटीकडे बोट दाखवून तिने विचारलं की यात म्हणायचं काय असतं. मी म्हटलं, फार काही नाही. ज्याच्यासाठी ओतायचं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं, असं इरिनी मानायची.

आई थांबली. पंचेचाळीस वर्षं ती बाबांना अहो म्हणत आली. बाहेरच्यांशी बोलताना हे, नाहीतर प्रसादचे बाबा. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायची तेवढंच. तिने माझ्या हातातून वाटी घेतली, कॉरिडॉरमध्ये जाऊन कुंडीपाशी वाकली आणि म्हणाली, "वसंत."

नुसतं, एकेरी. लिफ्टमधून बाहेर पडलेले शेजारी क्षणभर थबकले आणि निघून गेले. दादाने मान खाली घातली होती. सईने आजीचा पदर धरला होता, तो ओला होईल म्हणून.

लोक अजून विचारतात, घर कुठलं. पूर्वी मी चिंचवड म्हणायचे आणि मग जीभ चावायचे, कारण तिथल्या घरी आता माझी खोली नाही. सेंगकांग म्हणायलाही कधी जमलं नाही. आता दमले आहे, वाद घालत नाही. जिथे माझी माणसं गेलेल्याचं नाव मोठ्याने घेऊ शकतात आणि मग आत येऊन जेवायला बसतात, तिथे मी घरी असते. त्या संध्याकाळी कॉरिडॉरच्या त्या फरशीवर मी घरी होते.

आईने वाटीतलं सगळं मातीत ओतलं, वाटी पालथी केली आणि म्हणाली, "चला, प्रसादला भूक लागली असेल. मी भाकरी टाकते."